पंचवीस दिवस आणि शंभर वर्षे

मृत्युलेखाकडे साहित्यप्रकार म्हणून आपण फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. आचार्य अत्र्यांनी मराठीत त्याला मानाचे स्थान मिळवून दिले, हे आपण सारेच मान्य करतो. पण चरित्र, आत्मचरित्र, व्यक्तिचित्र यांना अभ्यासक्रमात जसे तास मिळतात तसे मृत्युलेखाला मिळत नाहीत. तो दुसऱ्या दिवशीच्या रद्दीबरोबर निघून जातो. वास्तविक, माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत त्याच्याविषयी जे लिहिले जाते, त्यातूनच त्याच्या आयुष्याचा सांगाडा पक्का होत असतो. कोणता प्रसंग मध्यभागी ठेवायचा, कोणता ओझरता सांगायचा आणि कोणता वगळायचा याचा निवाडा तिथेच होतो, आणि पुढचे लेखक बहुधा तो निमूटपणे स्वीकारतात. म्हणून गौरव करताना आपण नेमके काय करतो, हा प्रश्न आम्हांस शिष्टाचाराचा वाटत नाही. तो वाङ्मयीन आणि नैतिक, असा दोन्ही स्वरूपांचा वाटतो.

या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी आम्ही जाणीवपूर्वक एक परदेशी उदाहरण निवडत आहोत. २ फेब्रुवारी २०२१ रोजी इंग्लंडमधील बेडफर्डच्या रुग्णालयात कॅप्टन सर टॉम मूर यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेला सैनिक, पुढे काँक्रीटची उत्पादने बनवणाऱ्या एका कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक, आणि वयाच्या शंभराव्या वर्षी साऱ्या जगाला ठाऊक झालेला म्हातारा, असा हा माणूस. त्यांच्या निधनानंतर जे लिहिले गेले ते प्रेमाने लिहिले गेले, याबद्दल आम्हांला शंका नाही. तरीही त्या साऱ्या लेखनात एक विलक्षण विषमता होती. शंभर वर्षांच्या आयुष्यातले पंचवीस दिवस तेवढे ठळक झाले होते आणि उरलेले आयुष्य त्या पंचवीस दिवसांची प्रस्तावना बनले होते. पुढे त्यांच्या नावाचे जे काही झाले त्याचे मूळ या विषमतेत आहे, असे आमचे मत आहे.

ते पंचवीस दिवस कोणते, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. २०१८ साली मूर पडले, त्यांचे कमरेचे हाड मोडले. त्या वेळी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील, म्हणजे एनएचएसमधील माणसांनी त्यांची जी शुश्रूषा केली, तिच्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत सारा देश घरात कोंडला गेला असताना, ३० एप्रिलला येणाऱ्या आपल्या शंभराव्या वाढदिवसापूर्वी घराच्या आवारातील पंचवीस मीटरच्या वाटेवर शंभर फेऱ्या मारायच्या आणि आरोग्यसेवेच्या धर्मादाय कार्यासाठी एक हजार पौंड जमवायचे, असा संकल्प त्यांनी केला. ६ एप्रिलला त्यांनी चालायला सुरुवात केली. हातात वॉकर, अंगात ब्लेझर, ब्लेझरवर युद्धातली पदके. १६ एप्रिलला शंभरावी फेरी पूर्ण झाली तेव्हा यॉर्कशायर रेजिमेंटचे जवान अंतर राखून मानवंदनेला उभे होते. वाढदिवसाच्या रात्री देणग्यांची नोंद थांबली त्या वेळी १५ लाखांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ३ कोटी २८ लाख पौंड दिले होते. गायक मायकेल बॉल यांच्यासमवेत त्यांचा आवाज असलेले गाणे ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. वाढदिवसाची दीड लाखाच्या आसपास शुभेच्छापत्रे आली. ती मांडून ठेवायला एका शाळेचे सभागृह लागले. १७ जुलै २०२० रोजी राणी एलिझाबेथ यांनी विंडसरच्या किल्ल्यात त्यांना नाइटपद दिले.

ही घटना भावविवश म्हणून झटकून टाकणाऱ्यांपैकी आम्ही नाही. जवळच्या माणसाला निरोप देण्याचीही सोय ज्या दिवसांत उरली नव्हती, त्या दिवसांत एक म्हातारा माणूस रोज ठरावीक फेऱ्या मारतो आणि त्या मोजतो, याला अर्थ होता. घरात अडकलेल्या, हातून काहीच होत नाही या जाणिवेने खचलेल्या माणसांना त्या मोजणीत आपले काहीतरी दिसले. वारकऱ्याला पंढरीचे अंतर जितके खरे असते तितकेच पाऊलही खरे असते, हे ज्या भाषेतल्या माणसाला समजते त्याला त्या फेऱ्यांचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण गौरवाची गाडी एकदा सुरू झाली की ती माणसाला आपल्या वेगाने ओढू लागते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘कॅप्टन टॉम’ केले. आडनाव गेले, आणि त्याबरोबर त्या आडनावाला चिकटलेला सारा तपशीलही गेला. उरला तो ‘कॅप्टन’ हा हुद्दा आणि ‘टॉम’ हे घरगुती नाव. सैन्यातला अधिकार आणि आजोबांची जवळीक, या दोहोंची ही जोडी प्रतीक म्हणून बिनतोड होती. चरित्र म्हणून मात्र ती फार तोकडी होती. त्या ‘कॅप्टन’ शब्दामागे कोणते युद्ध होते, हे फारच थोड्यांनी विचारले.

ते युद्ध आपल्या ओळखीचे आहे, किंवा ते आपल्या ओळखीचे असायला हवे होते. यॉर्कशायरमधील कीथली या गावी १९२० साली जन्मलेले आणि स्थापत्य अभियांत्रिकीची उमेदवारी करत असलेले मूर १९४० मध्ये सक्तीच्या भरतीने सैन्यात गेले. ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटमध्ये १९४१ मध्ये ते अधिकारी झाले आणि तिच्या नवव्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आले. मूळची पायदळाची ही पलटण पुढे चिलखती दलात रूपांतरित करण्यात आली. त्यांचा पहिला मुक्काम मुंबईत होता. तिथून कलकत्त्याला त्यांचा ताफा रस्त्याने गेला. पावसाळ्याचे दिवस, ठिकठिकाणी पूर. त्या प्रवासाला तीन आठवडे लागले. लहानपणापासून मोटरसायकलींचा नाद असलेल्या या तरुणाकडे लष्करी मोटरसायकलस्वारांना शिकवण्याचे काम आले. पुढे आराकानच्या किनारपट्टीवर, चिखलात आणि जंगलात, त्यांनी युद्ध पाहिले. डेंग्यूच्या तापातून ते वाचले. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना इंग्लंडला परत धाडण्यात आले आणि १९४६ साली सैन्यातून मुक्त होईपर्यंत ते डॉर्सेटमधील बोव्हिंग्टनच्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात शिक्षक होते.

ब्रह्मदेशात लढलेल्या जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला ‘विस्मृत सेना’ म्हणत. युरोपातले युद्ध मे १९४५ मध्ये संपले, लंडनमध्ये लोक रस्त्यांवर नाचले. त्या वेळी पूर्वेकडची माणसे अजून लढत होती आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानांवर येत होत्या. मूर यांच्या गौरवपर लेखनात ‘विस्मृत सेना’ हा शब्दप्रयोग पुष्कळदा आला. मात्र या विस्मृत सेनेतील बहुसंख्य सैनिक हिंदुस्थानी होते, आणि त्यांच्या बरोबरीने पूर्व व पश्चिम आफ्रिकेतूनही सैनिक आणले गेले होते, हे त्या लेखनात क्वचितच आले. म्हणजे विस्मृतीची आठवण काढतानाच एक नवी विस्मृती तयार होत होती.

इथे आमच्या मनात येते ते मणिपुरातील सांगशाक. मार्च १९४४ मध्ये कोहिमाच्या दिशेने निघालेल्या जपानी फौजेला या डोंगरी गावाजवळ काही दिवस थोपवून धरणाऱ्या सैन्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. या रेजिमेंटमध्ये भरती होणारी मुले सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे, इतकी तिथल्या घराघरांतून माणसे फौजेत गेली. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या पिढीची ही गोष्ट आहे. तरीही सांगशाक हे नाव उच्चारले तर वर्गात एखादाच हात वर होतो. रंगूनजवळच्या टॉक्यान येथील युद्धस्मारकावर ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत आपल्या मुलखातली नावेही आहेत. ती वाचायला कोण जाणार?

याचा अर्थ मूर यांच्या गौरवातून काही वजा करावे आणि ते आपल्या पणजोबांच्या नावे जमा करावे, असा हिशेब आम्ही मांडत नाही. गौरव ही ठेव नव्हे की एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी व्हावी. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. मूर यांचे आयुष्य पुरते सांगितले असते, तर त्या सांगण्यात मुंबईचे बंदर, पुरात अडकलेला रस्ता, आराकानचा चिखल आणि त्या चिखलात शेजारी उभी असलेली काळी-सावळी माणसे आपोआप आली असती. एका माणसाचा प्रामाणिक गौरव दुसऱ्या अनेकांना उजेडात आणतो. प्रतीकाला मात्र शेजारी कुणी चालत नाही. त्याला एकट्यानेच उभे राहावे लागते.

मूर यांना स्वतःला गौरवाचा अर्थ कसा उमगला होता, हे त्यांच्या एका कृतीतून दिसते आणि तीच कृती सर्वांत कमी चर्चिली गेली. आपल्या जुन्या रेजिमेंटच्या सोबत्यांचे वार्षिक स्नेहसंमेलन ते सहा दशकांहून अधिक काळ भरवत राहिले. हे काम कसे असते, याची कल्पना करून पाहावी. दर वर्षी पत्ते तपासायचे, पत्रे पाठवायची, न आलेल्या उत्तरांचा अर्थ लावायचा. दर वर्षी यादी थोडी आखूड होते. टेबलाभोवतीच्या खुर्च्या कमी होतात. तरीही पुढच्या वर्षीची तारीख ठरवायची. या कामाला प्रेक्षक नसतात आणि त्याची देणग्यांत मोजदादही होत नाही. आमच्या दृष्टीने मूर यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी चाल हीच होती. आवारातल्या शंभर फेऱ्या हा तिचा शेवटचा टप्पा.

आता उद्योगाविषयी. सैनिक मूर निदान ब्लेझरवरच्या पदकांमुळे तरी दिसत होते. व्यवसायातले मूर जवळजवळ अदृश्य झाले. युद्धानंतर परत आलेल्या लाखो तरुणांप्रमाणे त्यांनाही पोटापाण्याचा मार्ग शोधावा लागला. छपराचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीत ते विक्री व्यवस्थापक होते. पुढे इंग्लंडच्या पूर्वेकडील फेन्सच्या सपाट, पाणथळ मुलखात काँक्रीटची उत्पादने बनवणाऱ्या कॉवूड्स या कंपनीचे ते व्यवस्थापकीय संचालक झाले. १९८३ साली, माणसे निवृत्तीचे कागद भरतात त्या वयात, त्यांनी गुंतवणूकदारांची जुळवाजुळव करून ती कंपनीच विकत घेतली. ती ज्या गावी होती त्या मार्च गावाचे नाव तिला मिळाले. चार वर्षांनी ती एका मोठ्या कंपनीला विकली गेली. त्याच १९८३ साली ते बीबीसीच्या एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात स्पर्धक म्हणून झळकले होते, ही नोंद आम्हांला फार बोलकी वाटते. युद्धावरून आलेला, कारखाना चालवणारा, साठी ओलांडलेला माणूस आपल्या मजेसाठी दूरदर्शनच्या पडद्यावर जाऊन बसतो. या माणसाला ‘कॅप्टन टॉम’ या साच्यात कुठे ठेवणार?

काँक्रीट हा गौरवाचा विषय होऊ शकत नाही, असे आपण गृहीत धरतो. यात आपली, म्हणजे साहित्याची माणसे म्हणवणाऱ्यांची, एक जुनी अडचण आहे. सैनिकासाठी आपल्याकडे पोवाड्यापासून शोकगीतापर्यंत शब्द तयार आहेत. संतासाठी आहेत, क्रांतिकारकासाठी आहेत. पण सकाळी साडेआठला कामावर जाणाऱ्या, मालाचा भाव ठरवणाऱ्या, महिनाअखेरीस पगाराची तजवीज करणाऱ्या व्यवस्थापकासाठी मराठी ललित गद्याजवळ फारशी भाषा नाही. त्याच्याविषयी लिहायचे तर एकीकडे कामगारांच्या बाजूने रंगवलेला शोषक असतो, दुसरीकडे ‘शून्यातून विश्व’ छापाची यशोगाथा असते. मधला, खराखुरा माणूस आपल्या हाती लागत नाही. मोठ्या उद्योगपतींच्या निधनानंतर वृत्तपत्रांत येणारे लेख पाहावेत: उलाढालीचे आकडे, पुरस्कार, आणि साधेपणाचा एखादा किस्सा, म्हणजे ते स्वतः गाडी चालवत किंवा जुनेच घड्याळ वापरत. त्या माणसाने तीस-चाळीस वर्षे रोज काय केले, कोणते निर्णय त्याला रात्री झोपू देत नसत, याचा त्या लेखांत पत्ता नसतो.

युद्ध आणि उद्योग यांची सांगड घालण्याची एक ठरीव रीतही आता रूढ झाली आहे. सैन्यातली शिस्त कारखान्यात उपयोगी पडली, रणांगणावरचे नेतृत्व बाजारपेठेत कामी आले, अशी वाक्ये व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून उचलून थेट श्रद्धांजलीत येतात. या रूपकावर आमचा मुळातून आक्षेप आहे. बाजारपेठ हे रणांगण नाही. तिथे हरलेल्या माणसाचे नाव दगडावर कोरले जात नाही. युद्धाला व्यवस्थापनाची शाळा म्हटले की युद्ध उपयुक्त ठरते, आणि उपयुक्त ठरलेल्या गोष्टीतले भय हळूहळू निघून जाते. आराकानहून परतलेला माणूस काँक्रीटच्या कारखान्यात रमतो, याचा अर्थ त्याने तिथली शिस्त इथे आणली, असाच लावायला हवा का? ज्याने गावे उद्ध्वस्त होताना पाहिली त्याला काहीतरी बांधण्याच्या सामानात समाधान वाटले असेल, असेही म्हणता येईल. खरे काय ते आता ठरवता येणार नाही. पण चांगला चरित्रकार निदान हा प्रश्न उघडा ठेवतो. वाईट चरित्रकार त्यावर नेतृत्वगुणांचे झाकण ठेवतो.

आणि मग घर. मूर यांच्या दुसऱ्या पत्नी स्मृतिभ्रंशाने आजारी झाल्या. त्या शुश्रूषागृहात असताना मूर त्यांना रोज भेटायला जात. २००६ मध्ये त्या गेल्या. आपली ओळख हरवत चाललेल्या माणसाकडे रोज जाणे, याला कोणते पदक असते? लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपण इतक्या पिढ्या का शिकवत आलो? रेव्हरंड टिळकांसारखा मोठा माणूस त्यात घरातल्या उजेडात दिसतो, चुकताना दिसतो, हट्ट करताना दिसतो. आणि म्हणूनच त्याचे मोठेपण पटते. त्या पुस्तकाने घालून दिलेला धडा असा की तपशील माणसाला लहान करत नाही. श्रद्धांजली लिहिताना मात्र आपण हा धडा हटकून विसरतो.

आमच्या या भूमिकेवर तीन आक्षेप येऊ शकतात, आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की एप्रिल २०२० मध्ये लोकांना चरित्र नको होते, आधार हवा होता. बुडत्याला काडी देताना काडीचा इतिहास सांगत बसू नये. हे मान्य. परंतु हा युक्तिवाद एप्रिल २०२० पुरता आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, माणूस गेल्यावर, त्याला परत त्याचे आयुष्य देण्याची वेळ आली होती. त्या वेळीही आपण प्रतीकालाच घट्ट धरून बसलो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. करांवर चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेसाठी शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याने वर्गणी का गोळा करावी? डॉक्टर-परिचारिकांना संरक्षक साधने अपुरी पडत असल्याच्या तक्रारी येत असताना त्याच्या कौतुकाचा सरकारला आडोसा मिळाला नाही काय? मिळाला, असे आम्हांलाही वाटते. जमलेला निधी सरकारी तिजोरीत गेला नाही, तो आरोग्यसेवेशी संलग्न धर्मादाय संस्थांमार्फत कर्मचाऱ्यांच्या व रुग्णांच्या मदतीला गेला, हे खरे असले तरी प्रश्नाची धार त्यामुळे बोथट होत नाही. मात्र हा दोष चालणाऱ्याचा नव्हे. त्याने कृतज्ञता व्यक्त केली. तिचा आडोसा करणारे दुसरे होते. आणि आडोसा प्रतीकाचाच होऊ शकतो. ज्या माणसाचे सारे आयुष्य लोकांना ठाऊक आहे, त्याच्यामागे लपणे अवघड असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. मूर यांच्या नावाने २०२० मध्ये एक न्यास स्थापन झाला. इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने २०२२ मध्ये त्याची वैधानिक चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मूर यांची मुलगी व जावई यांच्याकडून वारंवार गैरवर्तन झाले, खासगी हित आणि न्यासाचे हित यांच्यातली सीमा पुसली गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. मूर यांच्या पुस्तकांच्या करारापोटी दहा लाख पौंडांहून अधिक आगाऊ रक्कम कुटुंबाच्या कंपनीकडे गेली आणि तिच्यातून न्यासाला काही मिळाले नाही. पुस्तके विकत घेणाऱ्यांना आपली फसगत झाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, असे आयोगाने म्हटले. दोघांनाही विश्वस्तपदासाठी काही वर्षे अपात्र ठरवण्यात आले. न्यासाच्या कामासाठी म्हणून परवानगी घेतलेल्या आणि मंजुरीपेक्षा वेगळ्या बांधल्या गेलेल्या एका वास्तूचे पाडकाम २०२४ च्या आरंभी झाले होतेच. कुटुंबाने आयोगाचे निष्कर्ष अन्याय्य म्हटले. एप्रिल २०२० मध्ये लोकांनी दिलेल्या मूळ निधीचा या चौकशीशी संबंध नव्हता. तो पैसा जिथे जायचा तिथे गेला होता. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या मनात हा फरक किती टिकला? आज मूर यांचे नाव काढले की अनेकांच्या ओठांवर एक ओशाळे हसू येते. मग असल्या माणसाचा गौरव करायचा तरी कशाला, असा हा आक्षेप.

आमचे उत्तर असे. जे विकले गेले ते प्रतीक होते. शंभर फेऱ्या, ब्लेझर, पदके, आशावादाचे एक वाक्य: एवढे साहित्य नाममुद्रा करायला पुरेसे असते, आणि आपणच, म्हणजे लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी, माणसाला तेवढ्यापुरते आटवून ठेवले होते. नाव आयुष्यापासून सुटे झाले की ते कुणाच्याही हाती लागते. बाटलीवर लागते, इमारतीवर लागते. दर वर्षी पत्ते तपासून सोबत्यांना पाठवलेली पत्रे मात्र विकता येत नाहीत. शुश्रूषागृहातल्या रोजच्या भेटी, मार्चच्या कारखान्यातला एखादा सोमवार, पावसात अडकलेला ताफा, यांना बाजार नाही. नावाला डाग लागला तो ज्या पंचवीस दिवसांवर आपण सारा भार टाकला होता त्यांच्या पुढच्या व्यापाराचा. शंभर वर्षे जिथल्या तिथे आहेत. ती सांगितली गेली असती तर आज हा डाग एवढा मोठा दिसला नसता.

मग मूर यांना, आणि आपल्याकडच्या त्यांच्यासारख्यांना, श्रद्धांजली वाहायची म्हणजे काय करायचे? आमच्या मते सर्वप्रथम वेळेची वाटणी न्यायाने करायची. माणसाने ज्या कामाला चाळीस वर्षे दिली त्याला चार ओळी आणि जे चार आठवडे केले त्याला चार पाने, ही वाटणी लेखकाने निदान एकदा तपासून पाहावी. त्याच्या आजूबाजूची माणसे कोण होती, हे विचारावे. सैनिकाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळणे म्हणजे अर्धे युद्ध लपवणे होय. आणि त्याच्या पश्चात जे वाईट घडले तेही सांगावे. ते दडवल्याने माणूस वाचत नाही, आणि तेवढेच सांगितल्याने तो बुडतो.

मराठी विभागांत काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. चरित्र-आत्मचरित्राच्या प्रश्नपत्रिकेसाठी विद्यार्थी प्रकल्प करतात तेव्हा ते बहुधा आधीच गाजलेल्या माणसांकडे वळतात. त्याऐवजी त्यांना आपल्या गावातल्या एखाद्या माजी सैनिकाकडे पाठवावे, जो परत आल्यावर पतसंस्थेत, साखर कारखान्यात, एसटीच्या आगारात किंवा स्वतःच्या छोट्या कारखान्यात आयुष्यभर राबला. युद्धाविषयी विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. परत आल्यानंतरचा पहिला पगार किती होता, पहिल्या दिवशी काय काम दिले, सोबत्यांपैकी कोण कोण अजून पत्र पाठवते, हेही विचारून लिहून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धातले फारच थोडे आता हयात असतील. १९६५ आणि १९७१ चे मात्र अजून पारावर बसलेले दिसतात. त्यांच्यापैकी कुणाकडे वाहिन्यांचे कॅमेरे येण्याची शक्यता नाही. त्यामुळे त्यांची शंभर वर्षे पंचवीस दिवसांत आटवली जाण्याचा धोका कमी, आणि ती मुळीच लिहिली न जाण्याचा धोका फार मोठा आहे.